सावंतवाडीचा लाकडी पांगुळगाडा: घ्या, पण दुकानात मूठ दाबून बघून घ्या

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही (वर्षाचं पोर घरात असलं की नसतोच) त्यांनी इथूनच सुटावं. लाकडी पांगुळगाडा जरूर घ्या. पाचपैकी चार स्टार. फक्त "बाळ लवकर चालायला लागेल" म्हणून घेणार असाल तर राहू द्या, कारण तो तसलं काही करत नाही, आणि टाइल्सच्या फ्लॅटमध्ये आणल्या आणल्या तसाच पोराच्या हातात दिलात तर गाडा पुढे आणि पोर तोंडावर. त्यावर उपाय आहे, खाली लिहिलाय.

आमचा चितारआळीतला. सासर कुडाळचं, त्यामुळे मे महिन्यात सावंतवाडीला एक चक्कर होतेच, मोती तलावाला फेरी, राजवाड्यात गंजिफा (जुन्या खेळाचे गोल पत्ते) रंगवतात ते बघायचं आणि मग चितारआळी. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाहीये, आजूबाजूला सगळीकडे थोड्याफार फरकाने तोच माल आहे, लाकडी आंबे, केळी, फणस, पाट, बैलगाड्या, भोवरे, आणि टोपल्याच्या टोपल्या भातुकली. आमचा थोरला साडेचार वर्षांचा, तो भातुकलीसमोर जो फतकल मारून बसला तो उठेचना, एकीकडे नवरा "चला चला उशीर होतोय" करतोय, धाकटी कडेवरून खाली झेपावतेय, अशा अवस्थेत मी हा गाडा निवडलाय. तरी नीट निवडला गेला याचं श्रेय दुकानातल्या काकांना. मी छानसा लाल-पिवळा चकचकीत उचलला तर म्हणाले, "बाये, ह्यो नको, ह्यो शोकेसचो. चलूक लागलेल्या पोराक तो मोठो घे." ग्राहकाने हातात घेतलेला माल परत ठेवायला लावणारा दुकानदार मुंबईत दाखवा मला.

तर बघायचं काय. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूठ. गाडा जमिनीवर ठेवा आणि मुठीचा आडवा दांडा वरून सरळ खाली दाबा, बऱ्यापैकी जोर लावून. पुढचं चाक उचललं गेलं तर तो घेऊ नका. कारण असं की मूल गाडा ढकलतं नंतर, आधी त्याला धरून उभं राहतं, म्हणजे सगळं वजन मुठीला लटकतं, आणि मूठ जर मागच्या दोन चाकांच्याही मागे गेलेली असेल तर अख्खा गाडा उलटून अंगावर येतो. मूठ चाकांच्या आत किंवा बरोबर वर हवी. दिसायला सुबक म्हणून बऱ्याच जणांची मूठ मागे झुकवलेली असते, ते नकोच. उंची साधारण उभ्या राहिलेल्या मुलाच्या छातीपर्यंत. धाकटीला तिथेच उभी करून मापली, पायातलं पैंजण सांभाळत. मग हात फिरवून कूस निघालीय का, खिळे वर आलेत का, चाक अडवणारी खुंटी घट्ट आहे का, एवढं बघितलं की झालं.

रंगाचं थोडं लांबण लावते कारण मैत्रिणींनी हेच विचारलं. खेळण्यांना आयएसआय मार्क १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा आहे, पण हस्तकला आयुक्तालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांच्या मालाला त्यातून सूट आहे, त्यामुळे अशा खेळण्यावर मार्क नसला म्हणजे लगेच काही बेकायदा असं नाही. पण मग खात्री आपली आपण करायची. ओला रुमाल घासून बघितला, रंग लागला नाही, बरं वाटलं. पण रुमालाला रंग लागला नाही म्हणजे रंगात शिसं नाही असा अर्थ होत नाही ना. आणि दात येणारं पोर गाड्याची मूठच चघळणार, दुसरं काही नाही. म्हणून मूठ बिनरंगाची मागितली आणि मिळाली, नुसतं घासलेलं लाकूड. चाकांना रंग आहे, ती खाली आहेत, चालेल.

तुतारी एक्सप्रेसने आणला, संध्याकाळी सुटते आणि सकाळी दादर. बर्थखाली मावला. समोरच्या आजोबांनी तेवढ्यात तो काढून डब्यातल्या डब्यात धाकटीला दोन फेऱ्या मारून आणल्या, गाडी हलत असताना, मी डोळे मिटून घेतले.

आता टाइल्स. अंगणात, शेणाच्या किंवा कोब्याच्या जमिनीवर लाकडी चाकं धरून चालतात. आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल, तिच्यावर हा गाडा नुसता पळत सुटतो. उपाय एक, सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब फुकट आणायची, पट्ट्या कापून चाकांना फेविबाँडने चिकटवायच्या. उपाय दोन, पुढे दोन किलो तांदळाची पिशवी घट्ट बांधायची, वजनामुळे वेग कमी होतो. दोन्ही केलं तेव्हा तो धाकटीच्या चालीने चालायला लागला. ट्यूबचा दुसरा फायदा आवाजाचा, कारण लाकडी चाक टाइलवर जो खडखडाट करतं त्यात सकाळी साडेसहाला खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन "वहिनी, दळण दळताय का?" असं हसत विचारून गेले होते. हसत होते म्हणून ठीक.

चालायला शिकवण्याबद्दल. सासूबाईंचं म्हणणं पांगुळगाड्यावर पोर आठवड्यात धावतं. तसं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीनुसार आधाराशिवाय चालणं साधारण ८ ते साडेसतरा महिने या एवढ्या मोठ्या पट्ट्यात कधीही सुरू होतं आणि ते सगळंच नॉर्मल, त्यामुळे शेजारचा बंड्या दहाव्या महिन्यात चालला म्हणून आपल्या पोरीला दामटू नका. आमची चालली तेव्हाच चालली. गाड्यामुळे तिला उभं राहून कुठेतरी जायची मजा कळली इतकंच.

पण एक गोष्ट ठाम. नणंदबाईंनी हौसेने तो प्लास्टिकचा गोल वॉकर आणला होता, मधे बसवायचं, भोवती गाणी वाजणारा ट्रे. तो माळ्यावर गेला, आणि त्यावरून घरात दोन दिवस तोंडं फुगलेली होती. मी हटले नाही कारण त्यात बसलेलं पोर सेकंदाला तीन फुटांहून जास्त पळू शकतं, गॅसपर्यंत, जिन्यापर्यंत, आपण उठेपर्यंत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना त्यावर बंदी मागते आणि कॅनडात तर २००४ पासून विकायलाच बंदी आहे. पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायावर उभं असतं, हात सुटला की मटकन बसतं, आपोआप थांबतं. फरक एवढाच आहे आणि तो खूप मोठा आहे. जिन्याचं दार मात्र याच्यासाठीही बंदच हवं.

खरी वसुली सुरू झाली ती ती चालायला लागल्यावर. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लोक म्हणतात चालायला आलं की गाडा अडगळ, आमच्याकडे तेव्हापासून त्याला सुट्टीच नाही. तांदळाच्या पिशवीच्या जागी थोरल्याने बुटांचा खोका बांधलाय आणि दोघांचा डिलिव्हरीचा धंदा चालतो. धाकटी ढकलते, थोरला पुढे पळत येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा, "मॅडम, ओटीपी सांगा." मी पोळी लाटता लाटता काहीतरी चार आकडे सांगायचे, चुकीचे सांगितले की कांदे परत जातात. खरंच परत जातात, बाल्कनीपर्यंत. मशीनमधले ओले कपडे दोरीपाशी, बटाटे आजीपाशी, वर्तमानपत्र आजोबांपाशी, सगळं या खोक्यातून. संध्याकाळी सहा ते आठ हा जो भयानक वेळ असतो, भूक लागलेली, झोप आलेली, आई नुकती ऑफिसातून आलेली, त्या वेळात टीव्ही न लावता पोळ्या होतात. यासाठी मी अजून जास्त पैसे दिले असते. (हजाराच्या आत पडला.)

एक स्टार कापला तो पावसाळ्याबद्दल. लाकूड दमट हवेने फुगलं आणि जुलैत पुढचं चाक फिरेचना. मेणबत्ती घासली आसावर, मग सुटलं. दिवाळीपर्यंत लाकूड वाळून आक्रसलं तर तेच चाक लटपटायला लागलं, शेवटी सुताराने वॉशर घालून दिला. सुटं चाक मिळत नाही, म्हणजे परत सावंतवाडी. ऑनलाइन रबरी चाकांचे, वेग कमीजास्त करता येणारे गाडे मिळतात, किंमत बरीच वर, आणि खरं सांगायचं तर नुसता फ्लॅट असेल आणि कोकणात जाणं होत नसेल तर ते सोयीचे पडतील.

भातुकलीही घेतलीच, न घेऊन सांगते कुणाला. जातं, पाटा-वरवंटा, पोळपाट-लाटणं. जातं खरंच फिरतं, तांदळाचे चार दाणे घातले की थोरला अर्धा तास गप्प. पण घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे जे आरपार जातं ते उचलून ठेवा, घशात अडकतं. आमच्या वाट्या, लाटणं आणि रवी सध्या कपाटावर आहेत, आणि त्यावरून रोज रडारड आहे.

जाणार असाल तर दुपारी जाऊ नका, बरीच दुकानं जेवणानंतर बंद असतात, चारनंतर जा. आणि थोरल्या मुलांना आधी पोटभर खायला घालून न्या.