सेमाडोहची जंगल सफारी: कोणी घ्यावी, कधी घ्यावी

ताडोबा करून आलेला माणूस सेमाडोहहून मेळघाटची सफारी घेतो, तेव्हा परतताना बहुधा एकच तक्रार असते: वाघ दिसला नाही. वाघ आहेत. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प जाहीर झाले त्यांत मेळघाट होता, आणि गुगामल राष्ट्रीय उद्यान हा त्याचा गाभा आहे. पण ही गाविलगडची डोंगररांग आहे. रस्ता घळीच्या एका कडेनं जातो, जनावर पलीकडच्या उतारावर असतं आणि मधे साग नि बांबू. शिवाय सिपना, गडगा, डोलार, खापरा, खंडू या पाच नद्यांच्या डोहांत ठिकठिकाणी पाणी राहतं, त्यामुळे जनावरं एका तलावावर गोळा होत नाहीत. फक्त वाघासाठी पैसे मोजणार असाल तर ही सफारी घेऊ नका. सातपुड्याचं जंगल वाचायचं असेल तर विदर्भात हिच्या तोडीची दुसरी नाही.

महिना नीट निवडा, कारण निम्मी सफारी त्यावर ठरते. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं. उघडल्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत पुरुषभर असतं आणि सागाचं पान भरगच्च, म्हणून रस्त्यापासून दहा पावलांवरचं सांबरसुद्धा दिसत नाही. फेब्रुवारीत पानगळ लागते आणि मार्चपासून उतार उघडे पडतात. रानगवा, अस्वल, रानकुत्री पाहायची असतील तर एप्रिल-मे, पहाटेचीच फेरी. दुपारच्या फेरीचा पहिला तास उन्हात वाया जातो. मार्च-एप्रिलात मोह गळतो, तेव्हा झाडाखालच्या फुलांवर अस्वल आणि चितळ दोघंही येतात; गाइडला अशा झाडांशी थांबायला सांगा.

पक्ष्यांसाठी मात्र हिवाळाच. रानपिंगळ्यासाठी तर खासच. १८८४ नंतर शंभरहून जास्त वर्षं या घुबडाची खात्रीची नोंद नव्हती. १९९७ साली शहाद्याजवळच्या सातपुड्यात तो पुन्हा सापडला, पुढे मेळघाटातही. तो दिवसा शिकार करतो, म्हणून सकाळी ऊन अंगावर आलं की मोकळ्या सागवनात वठलेल्या फांद्यांवर नजर ठेवा. गावातल्या साध्या पिंगळ्याशी गल्लत होते. साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ एकरंगी, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे आणि पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावणाऱ्यांना गाडीतच थांबवा. हिवाळ्यात त्याची वीण चालू असते, आणि खोट्या प्रतिस्पर्ध्याला हाकलायला तो ढोली सोडून येतो.

गाइडबद्दल मनापासून चांगलं लिहावं लागेल. बहुतेक गाइड इथल्याच कोरकू आदिवासींच्या गावांतले. सांबराची हाक आणि वानराचा खोकला यांतून बिबट कोणत्या घळीत आहे, हे ते सांगतात. पण पर्यटक सतत "वाघ कुठाय?" विचारतात, म्हणून तेही गाडी पळवतात. निघतानाच सांगा, की घाई नाही, झाडं आणि पाखरं दाखवा. मग सालई, धावडा, तिवस यांची ओळख होते, शेकरूचं पानांचं घरटं दिसतं आणि तीच फेरी वेगळी होते.

चिखलदऱ्यात मुक्काम असेल तर वैराटची फेरी घ्या. वैराट ११७८ मीटरवर, मेळघाटातलं सर्वांत उंच ठिकाण. वैराट, चुर्णी, पस्तलाई ही गावं बाहेर पुनर्वसित झाली आणि त्यांच्या शेतांच्या जागी कुरणं उभी राहिली. उघड्या गवतामुळे गवे आणि सांबर इथे घळीतल्या रस्त्यापेक्षा सहज दिसतात. आमच्या मते एकच फेरी परवडत असेल तर हीच.

आता अडचणी. परतवाडा-घटांग-सेमाडोह-हरिसाल-धारणी रस्त्यावर घाटात मोबाइलला रेंज जवळपास नसते. बुकिंगचा कागद छापून घ्या, टाकी परतवाड्यातच भरा, सुटे पैसे ठेवा. बुकिंगमध्ये ज्यांची नावं, त्यांची मूळ ओळखपत्रं बरोबर हवीत. जिप्सीची मागची सीट थेट चाकांवर येते आणि कच्च्या चढावर दणके बसतात. पाठदुखीवाल्यांनी मधली मागून घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत उघड्या गाडीत पहाटे बोटं आखडतात, हातमोजे लागतातच. दुर्बीण ८ बाय ४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरे, त्याहून जास्त पॉवरची असेल तर धावत्या गाडीत चित्र हलतं.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. वाळलेलं सागाचं पान काडीच्या ठिणगीनं पेटतं आणि आग उतारावरून वर भराभर चढते, म्हणून या काळात बिडी, सिगारेट आणि काडीपेटी मुक्कामाच्या खोलीतच ठेवून निघा.