मशिनवर काय ऐकावं, हातशिलाईला काय

पंचवटीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, आठ बाय दहाचं. सकाळी दहा ते रात्री नऊ डोळे सुईवर, म्हणून करमणूक जी काय ती कानानेच. तीही एकाच कानाने, दुसरा गिऱ्हाइकासाठी मोकळा ठेवावा लागतो. त्यामुळे माझी पारख साधी आहे. 'हे बघा, हे बघा' करत जो कार्यक्रम मान वळवायला लावतो, तो बाद. अशाच नादात एकदा डाव्या बाहीच्या जागी उजवी बाही जोडून बसले होते.

मोटरच्या मशिनवर टीप मारताना बोलणं बुडतं, तेव्हा गाणी. हुक, काज, फॉल असलं हातकाम असलं की गप्पा.

हातकामाला माझी पहिली पसंती साँग एक्सप्लोडर हा पॉडकास्ट. ऋषिकेश हिरवे हे नाव वाचून लावला, म्हटलं आपलाच कुणीतरी दिसतोय. निघाला अमेरिकेतला, कार्यक्रम इंग्रजीत, 2014 पासून चालू. माझं इंग्रजी बेताचं, तरी चिकटले, कारण तो जे करतो ते मी रोज करते. बायका मापाला जुना ब्लाऊज देतात. तो अंगावर सुरेख बसतो, पण का बसतो ते वरून कळत नाही. मग विचारून घेऊन शिवण उसवायची. तेव्हा दिसतं, टक्स अर्धा बोट खाली घेतलाय, कापड तिरकं कापलंय. हिरवे गाणं असंच उसवतो. आधी नुसता ड्रम, मग एकटी गिटार, मग मागे काहीच नसलेला गळा. आणि ते गाणं ज्याने केलं तोच सांगत असतो, हे इथे का घातलं, ते तिथून का काढलं. विचारणाऱ्याचे प्रश्न कापून टाकलेले असतात, त्यामुळे मध्ये 'वा वा, क्या बात है' नाही. शेवटी अख्खं गाणं वाजतं. त्यातली निम्मी नावं मी जन्मात ऐकलेली नाहीत, पण तोवर गाणं ओळखीचं झालेलं असतं, ती मागची बारीक टुणटुण कुठून आली ते आपल्याला ठाऊक असतं ना! वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतं. तेवढ्यात माझा साडीचा निम्मा फॉल होतो. नेटफ्लिक्सवर 2020 मध्ये त्याचीच मालिका आली, पण ती बघायची, म्हणून माझ्या कामाची नाही.

आपल्या भावगीतांचं असं कुणीतरी करावं. अंतऱ्याआधी ती बासरी नेमकी का आत येते, हे ऐकायला मी दुकान तासभर बंदसुद्धा ठेवीन.

मराठी गप्पांमध्ये 'अमुक तमुक' नावाचा पॉडकास्ट. नात्यांवर, मनाच्या दुखण्यांवर, खाण्यापिण्यावर जाणकारांना बोलवतात आणि त्यांना बोलू देतात. हे मुद्दाम सांगते, कारण एका गाजलेल्या पॉडकास्टमध्ये पाहुण्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत सूत्रधार स्वतःचीच गोष्ट सुरू करतो. दोन भाग सोसले, मग सोडलं.

मशिनवर मात्र आकाशवाणीचं रागम्. 26 जानेवारी 2016 ला सुरू झालं, चोवीस तास शास्त्रीय संगीत, न्यूज ऑन एअरच्या ॲपवर फुकट. सासूबाईंचा जन्म विविध भारतीच्या 'संगीत सरिता'वर गेला, त्यांना ॲप म्हणजे सुरुवातीला थोतांड वाटायचं. एका दुपारी गायक द. वि. पलुस्कर लागले आणि त्या डबा ठेवायला आल्या होत्या त्या स्टुलावर बसूनच राहिल्या. ''आपल्या नाशिकलाच जन्मलेत हो हे,'' हे वाक्य मी निदान पन्नासदा ऐकलंय. 1921 चा जन्म, आणि 1955 ला गेलेसुद्धा, उणीपुरी चौतीस वर्षं. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं चालू असलं की माझा पायही पॅडलवर हलका पडतो. घाईच्या ऑर्डरीला ते परवडत नाही.

घाईला टायनी डेस्क. वॉशिंग्टनच्या एनपीआर रेडिओच्या कचेरीत, पुस्तकांनी कोंबलेल्या एका टेबलामागे उभं राहून गायचं. 2008 मध्ये सुरू झालं ते एका गायिकेमुळे. बारमधल्या गर्दीच्या कलकलाटात तिचं गाणं ऐकूच येईना, म्हणून तिला थेट ऑफिसात बोलावलं. गणपतीत आमच्या चौकातल्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर दहा दिवस काढलेल्या माणसाला हे लगेच पटतं. जागा एवढीशी की मोठमोठ्याने वाजवायची सोयच नाही, गाणारा श्वास घेतो तोही ऐकू येतो. व्हिडिओ असला तरी न बघता चालतो. टेबल एकदा पाहून घ्या, माझ्या कटिंगच्या टेबलापेक्षा पसारा जास्त आहे.

चहाच्या वेळेला 'अजब शहर' ही वेबसाइट. शबनम विरमानींच्या कबीर प्रकल्पाचं, माळव्यातले प्रह्लाद टिपानिया तंबुरा घेऊन गातात ते तिथे सापडेल. इथे मात्र मीही पडद्याकडे बघते, कारण खाली अर्थ येतो. चहा गार होतो.

सध्या नवरात्र तोंडावर आहे, एकवीस ब्लाऊज कापून पडलेत. लाईट गेली तर हिरवे, नाही तर दसऱ्यापर्यंत टायनी डेस्कच.