इलियट वेव्ह आठ महिने वापरल्यावरचा अनुभव

आठ महिने रोज भावाच्या चार्टवर वेव्ह, म्हणजे चढ-उताराच्या लाटा, मोजतोय, आता कुठे लिहिण्याइतपत कळलंय. राल्फ इलियटने 1930 च्या दशकात मांडलेली थिअरी तशी सोपी वाटते, ट्रेंडच्या दिशेने पाच वेव्ह आणि मग करेक्शनच्या, म्हणजे उलट दिशेच्या, तीन वेव्ह: ए-बी-सी. पण चार्ट उघडला की डोकं गरगरतं, कारण प्रत्येक वेव्हच्या पोटात परत छोट्या वेव्ह असतात आणि एकाच चार्टवर दोन-तीन काउंट (कोणती वेव्ह कितवी याची मोजणी) बसतात.

माझं मोठं नुकसान कसं झालं ते सांगतो. भाव 100 वरून 150 ला गेला, मग 119 पर्यंत उतरला, म्हणजे जवळपास 61.8 टक्के रिट्रेसमेंट (आधीच्या चढाईतला परत गेलेला भाग), दुसरी वेव्ह बऱ्याचदा अशीच असते. तिथून थेट 200, म्हणजे ही चढाई पहिलीच्या 1.618 पट, मी म्हटलं हीच तिसरी. चौथी तिसरीच्या 38.2 टक्के उतरून थांबेल म्हणून 169 ला खरेदी केली. थांबली नाही, 150 च्या खाली आली. चौथी पहिलीच्या हद्दीत घुसली की इम्पल्सचा (ट्रेंडच्या दिशेच्या नेहमीच्या पाच वेव्हचा) काउंट संपला, हा पक्का नियम आहे आणि मला तो पाठ होता, तरी मी लेबलं पुसून डायगोनल, म्हणजे पाच वेव्हचाच एक वेगळा प्रकार, म्हणून परत लावली, कारण त्यात असं ओव्हरलॅप चालतं. पण डायगोनलमध्ये वेजसारखा, म्हणजे पाचरीसारखा निमुळता, आकार लागतो, सहसा तिसरी पहिलीपेक्षा छोटी असते, इथे तर कितीतरी मोठी होती. दिसत होतं, मान्य करायचं नव्हतं. 119 पण तुटलं तेव्हा विकलं. ती सगळी तेजी म्हणजे नवा ट्रेंड नव्हे, करेक्शनची ए-बी-सी होती!

इथेच खरी गोम आहे. 1-2-3 आणि ए-बी-सी सुरुवातीला हुबेहूब सारख्या दिसू शकतात, सी पण कधी ए च्या 1.618 पट जाते, फरक बऱ्याचदा चौथीतच कळतो. म्हणून आता दोन्ही काउंट शेजारी-शेजारी मांडतो आणि खरेदीच्या आधीच लिहून ठेवतो की अमुक भावाखाली माझा काउंट चुकीचा, स्टॉपलॉस (तोटा थांबवायला विकायचा भाव) तिथेच.

पाचवीत आरएसआय डायव्हर्जन्स दिसला, म्हणजे भाव नवा उच्चांक करतो पण त्याचा जोर मोजणारा आरएसआय करत नाही, तर मदत होते. पाच मिनिटांच्या चार्टवर मला तरी काही जमलं नाही, डेली आणि वीकलीवर बरं चालतं. ट्रँगल (त्रिकोणासारखं आकसत जाणारं) किंवा गुंतागुंतीचं साइडवेज करेक्शन दिसलं की मी ट्रेडच घेत नाही, तिथे काउंट आठवड्याला बदलावा लागतो. सध्या एका वीकली चार्टवर चौथी चालू आहे असं वाटतंय, पहिलीचा टॉप अजून लांब आहे, रेष मारून ठेवलीय.