आडसाली उसात पीएसबी: लावणीपासून भरणीपर्यंतचा अनुभव

स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू, म्हणजे दुकानात ज्याला सगळे नुसतं पीएसबी म्हणतात, ते आडसाली, म्हणजे पावसाळ्यातल्या उसाच्या लावणीला वापरलं आणि आता भरणीही, म्हणजे बुडख्याला मातीची मोठी भर देणंही, होऊन गेलीय. ऊस उभा आहे, त्यामुळे एकरी टनेज आत्ताच विचारू नका. पण पैसे घालावेत का, एवढं सांगण्याइतकं बघून झालंय. घालावेत, पण ज्या रानात स्फुरद आधीच साठलंय तिथं, आणि डीएपी, म्हणजे स्फुरदाचं नेहमीचं रासायनिक खत, कमी करायची तयारी असेल तरच. डीएपी पूर्ण टाकून वरनं पीएसबीची बाटली ओतणाऱ्याचा खर्च वाया जाणार.

आमचं रान दोन जातींचं. पंचगंगेकाठी काळं आणि पन्हाळ्याच्या पायथ्याला तांबडं. काळ्या रानाच्या माती परीक्षणात स्फुरद ‘जास्त’ निघालं. त्यात नवल नाही. पिढीभर प्रत्येक लावणीला डीएपी नाहीतर १०:२६:२६ हे मिश्रखत पडत आलंय, आणि टाकलेल्यातलं साधारण १५ ते २० टक्केच पहिल्या पिकाला लागतं. उरलेलं काळ्या रानात चुन्याशी बांधलं जातं, तांबड्यात लोह आणि ॲल्युमिनियमशी. ठेव आपलीच, पण बँक सोडत नाही, असा प्रकार.

हे जिवाणू ग्लुकॉनिकसारखी सेंद्रिय आम्लं सोडतात आणि ती बांधणी सुटते. सेंद्रिय पदार्थांत अडकलेलं स्फुरद फॉस्फेटेज विकराने मोकळं होतं. कृषी शिकणाऱ्या पुतण्यानं प्रयोगशाळेतली प्लेट दाखवली होती. पिकोव्हस्काया यांचं १९४८ सालापासूनचं माध्यम, अघुलनशील फॉस्फेटमुळं दुधाळ दिसणारं, आणि जिवाणू वाढले तिथं भोवती स्वच्छ कडं. बघायला झकास. पण त्या प्लेटमध्ये ग्लुकोज घातलेलं असतं. रानात त्यांना साखर कोण देणार? शेणखत, कुजलेलं पाचट (उसाची वाळकी पानं), मुळांतून पाझरणारा रस. ते नसेल तर जिवाणू उपाशी. दुकानदार ही गोष्ट सांगत नाही.

कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे बेणेप्रक्रिया केली: १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसिटोबॅक्टर (हवेतला नत्र धरणारे जिवाणू) आणि सव्वा किलो पीएसबी, त्यात टिपऱ्या, म्हणजे बेण्याचे तुकडे, ३० मिनिटं. बुरशीनाशकाची बुडवणी त्याआधी करून टिपऱ्या सावलीत सुकवायच्या. दोन्ही एकाच बॅरलमध्ये घातलं तर जिवाणू मेले म्हणून समजा. यावर नत्रात ५० आणि स्फुरदात २५ टक्के बचत सांगितलीय. कागदावर सोपं आहे. उक्तं काम घेतलेली लावणीची टोळी मात्र अर्धा तास टिपरी भिजायची वाट बघत नाही. आदल्या संध्याकाळी बेणं तोडून ठेवा आणि दोन बॅरल आलटून पालटून चालवा, नाहीतर प्रक्रिया नावापुरतीच होते.

काळ्या रानात काही सऱ्या जिवाणूंशिवाय, पूर्ण डीएपीवर ठेवल्या होत्या. बाकीच्यांत स्फुरद पाव हिश्श्यानं कमी. फुटव्यात, पानाच्या रंगात, कांडीच्या जाडीत डोळ्याला फरक नाही. हाच माझ्या लेखी निकाल: कमी टाकूनही ऊस मागं पडला नाही. बुडखा उकरल्यावर जिवाणूंच्या सऱ्यांत पांढरी मुळी जास्त वाटली, पण ती मोजलेली नाही. डीएपीचं पोतं १३५० रुपयांना, तेही ऐन लावणीत मिळेल तेव्हा. म्हणून पाव हिस्सा वाचला तरी मला पुरे.

तांबड्या रानात वेगळंच झालं. तिथं मुळात स्फुरद कमी आणि माती आंबट. पाव हिस्सा कापलेल्या सऱ्या फुटव्याला मागं राहिल्या, म्हणून बाळबांधणीला, म्हणजे पहिल्या हलक्या भरीला, सुपर फॉस्फेट दिलं. साठाच नसेल तर जिवाणू सोडवणार काय? अशा रानाला आधी शेणखत आणि पूर्ण मात्रा, मग बाकीचं.

नदीकडच्या पट्ट्यात पाणी चार दिवस तुंबलं की या हवेवर जगणाऱ्या जिवाणूंचं अवघड होतं. वाफसा आल्यावर तिथं शेणस्लरीतून परत दिलं, पण त्याचा गुण आला असं छातीठोक सांगणार नाही.

बाटली घेताना बाकी काही बघितलं नाही तरी तारीख आणि जिवाणूंची संख्या बघा. नियमाप्रमाणे द्रवरूपात मिलिलिटरला किमान १० कोटी आणि पावडरीत ग्रॅमला ५ कोटी लागतात. एका दुकानात खोकी पत्र्याखाली उन्हात रचलेली होती, तिथनं घेतलंच नाही. मी पुढच्या वेळी द्रवरूपच घेईन; ते जास्त टिकतं आणि ड्रिपमधनं जातं.

खोडव्याला, म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यातनं येणाऱ्या पिकाला, पाचट जाळणार नाही. पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, एक किलो कुजवणारे जिवाणू टाकून सरीतच कुजवायचं आणि पीएसबी त्यातच द्यायचं ठरवलंय. तोड झाल्या झाल्या काडी लावणाऱ्या शेजाऱ्यानं परवा विचारलं, ‘मी पण घेऊ काय बाटली?’ म्हटलं, पाचट ठेवणार असशील तर घे.