डेटाबेस जोडला जात नाही: आधी पिंग की पोर्टची तपासणी?

अंधेरीच्या ऑफिसातल्या एका ज्युनिअरने विचारलं, "दादा, सर्व्हर पिंग होतोय, मग अॅप का जोडलं जात नाही?" म्हणून ही तुलना. पिंग म्हणजे मशीन उत्तर देतं का हे बघणं; पोर्ट म्हणजे त्या मशीनवर एखादा प्रोग्राम ज्या नंबरावर ऐकतो तो नंबर.

मेहनत दोन्हींत सारखीच, एका ओळीची. पिंग बहुतेक ठिकाणी आयतं मिळतं; पोर्ट तपासायला वापरतात ते टेलनेट मात्र विंडोजवर आधी चालू करावं लागतं. नाहीतर पॉवरशेलमधलं टेस्ट-नेटकनेक्शन वापरा, माझी पसंती त्यालाच.

खरा फरक भरवशाचा. पिंग आयसीएमपी नावाच्या नेटवर्क प्रोटोकॉलवर चालतं, त्याला पोर्ट कळतच नाही. म्हणजे बिल्डिंग सापडली, पण ३३०६ (मायएसक्यूएल डेटाबेसचा नेहमीचा पोर्ट) नंबरच्या फ्लॅटचं दार उघडं आहे का, हे वॉचमनला विचारल्यासारखं! उलट पिंग अडवलेलं असतानाही डेटाबेस ठणठणीत चालू असू शकतो. क्लाउडवर तर हे नेहमीचंच.

पोर्टची तपासणी जास्त बोलकी. लगेच 'रिफ्यूज्ड' आलं, तर बहुधा मशीन सापडलं पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. पोस्टग्रेस डेटाबेस मुळात फक्त लोकलहोस्टवरच, म्हणजे त्याच मशीनवरून आलेलंच, ऐकतो, त्यामुळे नव्या सर्व्हरवर हमखास हेच होतं. बराच वेळ थांबून टाइमआउट झाला, तर आधी फायरवॉलकडे बघा. एसक्यूएल सर्व्हरच्या नेम्ड इन्स्टन्सला (एकाच मशीनवरच्या, वेगळं नाव दिलेल्या सर्व्हरला) पोर्ट न देता नुसत्या नावाने जोडायचं, तर यूडीपी १४३४ लागतो. टेलनेट फक्त टीसीपी पोर्ट तपासतं, यूडीपी नाही, म्हणून तिथे त्याचा काही उपयोग नाही.

व्हीपीएन किंवा वायफायचाच संशय असेल, नाहीतर मधूनमधून पॅकेट गळत असतील, तर पिंग. एकच अॅप अडलंय आणि बाकी सगळं सुरळीत? थेट पोर्ट तपासा, तेही अॅप ज्या मशीनवर चालतं तिथूनच.