इटलीचं रानमशरूम तपासणी केंद्र: टेबलापर्यंत चोख, टेबलापुढे ढिलं

रानातून वेचलेलं ताजं मशरूम इटलीत विकायचं असेल, तर वजनकाट्याआधी त्याला एका टेबलावरून जावं लागतं. हे टेबल असतं सरकारी स्थानिक आरोग्य यंत्रणेच्या 'इस्पेत्तोरातो मिकोलोजिको'मध्ये, म्हणजे मशरूम तपासणी केंद्रात. 1993 च्या 352 क्रमांकाच्या कायद्याने वेचणी आणि विक्रीची चौकट ठरवली. 1995 च्या 376 क्रमांकाच्या नियमावलीने ताज्या मालाला तपासणीचा दाखला सक्तीचा केला. घरी खाण्यापुरतं वेचणाऱ्याला ही सेवा साधारणपणे फुकट असते, विक्रीच्या मालाला शुल्क पडतं. आमचं एकूण मत: पाचपैकी चार. कापलेला एक गुण कशाचा, ते पुढे येईलच.

माल कसा आणायचा, यावरच निम्मं काम ठरतं. केंद्राला नमुना चालत नाही, सगळाच्या सगळा माल लागतो. हा हट्ट रास्त आहे. टोपलीतली एकोणचाळीस बोलेटस (पोर्चिनी म्हणून विकली जाणारी खाण्याजोगी मशरूम) चांगली निघाली म्हणून चाळिसावं चांगलं असेलच असं नाही, आणि अमानिता फॅलॉइडीस या विषारी मशरूमची एक छत्री माणसाचा जीव घ्यायला पुरते. तिचं विष उकळून, तळून किंवा वाळवून जात नाही. लक्षणं दिसायला बहुधा सहा ते बारा तास लागतात आणि तोवर विष यकृतापर्यंत पोचलेलं असतं.

मशरूम अख्खं हवं, बुडासकट. रानात सुरीने देठ कापून आणायची सवय अनेकांना असते, कारण टोपलीत माती येत नाही. पण फॅलॉइडीसची खरी ओळख बुडाशी, मातीत दडलेल्या पिशवीत असते. देठ वरून कापला की ती पिशवी रानातच राहते आणि हिरवट छत्रीचं मशरूम खाण्याजोग्या हिरव्या रुसुलासारखं दिसू लागतं. म्हणून अलगद पिळून पूर्ण उपटायचं, माती तिथेच झटकायची. 'प्रजाती ओळखता येईल अशी सर्व लक्षणं शाबूत ठेवा' हे बंधन कायद्यातच आहे. देठ तोडलेला माल टेबलावरून परत आला तर तक्रारीला जागा नाही.

प्लास्टिकच्या पिशवीला कायद्याने सरसकट बंदी आहे. बीजाणू रानात सांडत राहावेत हे त्यामागचं एक कारण, पण विक्रेत्याच्या दृष्टीने दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: पिशवीत माल घामेजतो, तापतो आणि काही तासांत सडायला लागतो. एरवी उत्तम असलेलं पोर्चिनी असं उबून खराब झालं की तेही उलट्या-जुलाब देतं. हवा खेळेल अशी ताठ टोपली आणावी, आणि प्रत्येक प्रजाती वेगळी ठेवावी.

टेबलावर कवकतज्ज्ञ प्रत्येक नग हातात घेतो. छत्रीचा पृष्ठभाग, खालच्या पात्या किंवा छिद्रं, देठावरचं कडं, बूड, वास, कापल्यावर गराचा बदलणारा रंग, असा क्रम असतो. शंका आली तर सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू. इथे अनुभव कामाला येतो, कारण घोटाळे ठरावीकच असतात. शांतेरेल या खाण्याजोग्या पिवळ्या मशरूमच्या ढिगात विषारी ऑम्फॅलोटस ओलिएरियस: त्याच्या खाली पातळ, सुट्या होणाऱ्या खऱ्या पात्या असतात, शांतेरेलला नुसत्या बोथट घड्या, शिवाय ते लाकडावर गुच्छाने उगवतं. पोर्चिनीत टायलोपिलस फेलियस: विषारी नाही, पण एकाच तुकड्याने अख्खं पातेलं कडू, जून झालं की खालची छिद्रं गुलाबी होतात आणि देठावर गडद जाळी दिसते. आणि एन्टोलोमा सायन्युएटम, ज्याच्या पात्या आधी पिवळट आणि नंतर सामन माशासारख्या गुलाबी होतात. हे जिवावर क्वचितच बेततं, पण पोटाची दाणादाण उडवतं.

अमानिता सिझेरिया या खाण्याजोग्या मशरूमच्या बाबतीत कायदा आणखी पुढे जातो. ते अंड्याच्या आकारात, आवरण न फुटलेल्या अवस्थेत असताना वेचायलाच मनाई आहे. या अवस्थेत फॅलॉइडीसही तसंच पांढरं अंडं असतं. उभं कापलं तर आतला केशरी रंग फरक सांगतो, पण कापलेलं अंडं विकणार कोण?

पास झालेल्या मालाला तपासणीचा दाखला मिळतो, नापास माल जप्त होऊन नष्ट होतो. विक्रीयोग्य प्रजातींची यादी राष्ट्रीय आहे आणि प्रांत तिच्यात स्थानिक प्रजातींची भर घालू शकतात. यादी बदलतेही, हे तिचं बळ. ट्रायकोलोमा इक्वेस्ट्रे युरोपात पिढ्यान्‌पिढ्या आवडीने खाल्लं जायचं. 2001 मध्ये फ्रान्समधल्या 12 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली: हे मशरूम लागोपाठ अनेकदा खाल्ल्याने त्यांचे स्नायू विरघळू लागले होते, तिघे दगावले. पुढच्याच वर्षी इटलीने त्याच्या विक्रीवर बंदी घातली. 'आमचे आजोबा खायचे' हा दाखला या टेबलावर चालत नाही, आणि ते बरंच आहे.

रानातले नियम थोडक्यात: माणशी दिवसाला जास्तीत जास्त 3 किलो, दाताळं किंवा आकडे वापरायचे नाहीत, न खाण्याजोगी मशरूमही तुडवायची नाहीत. वेचणीवर पोट असणाऱ्यांना प्रांत सवलत देऊ शकतात. दाताळ्याची बंदी सर्वांत समंजस, कारण वरचा कुजका थर उकरला की खालचं कवकजाल, म्हणजे मशरूमच्या तंतूंचं जाळं, उघडं पडून सुकतं.

आता कापलेला गुण. टेबलावर जितकी कडक शिस्त, तितकी त्यापुढे राहत नाही. दाखला खोक्याला असतो, मशरूमला नव्हे. दोन खोकी एका परडीत ओतली की कोणता नग कोणत्या तपासणीतला हे कुणालाच सांगता येत नाही. सुटं विकणाऱ्याने प्रजाती ओळखण्याची पात्रता सिद्ध केलेली असावी लागते खरी, पण हॉटेलच्या मुदपाकखान्यात चिरून पडलेल्या ढिगाला कोण विचारतो? आर्मिलेरिया मेलिया हे मशरूम आधी उकळून, पाणी फेकून मगच शिजवायचं असतं. ही सूचना खोक्यावरून ताटापर्यंत पोचेल याची हमी टेबल देऊ शकत नाही. फिनलंड या बाबतीत उजवा वाटतो: तिथे कच्चं असताना जीवघेणं असलेलं जायरोमित्रा एस्क्युलेंटा विकता येतं, पण हाताळणीच्या सूचना मालाबरोबर द्याव्याच लागतात.

वाळवलेल्या मालाचे आकडे नेमके आहेत: ओलावा 12 टक्के अधिक 2 टक्क्यांची सूट, खनिज कचरा 2 टक्क्यांपर्यंत, अळ्यांनी पोखरलेला भाग 25 टक्क्यांपर्यंत, काळे पडलेले तुकडे 20 टक्क्यांपर्यंत. पण चकत्या झालेल्या मालात बूड, छत्री, रंग काहीच शाबूत नसतं, आणि 'पोर्चिनी' हे नावही एका प्रजातीचं नसून बोलेटस एड्युलिस आणि तिच्या जवळच्या भावंडांचं आहे. लंडनमधल्या क्यू इथल्या वनस्पती उद्यानातील संशोधकांनी लंडनमध्ये विकत घेतलेल्या चिनी पोर्चिनीच्या एका पुड्यातल्या 15 तुकड्यांचा डीएनए तपासला, तेव्हा विज्ञानाला नाव माहीत नसलेल्या तीन प्रजाती निघाल्या (2014). तिन्ही खाण्याजोग्या गटातल्या होत्या, पण ओळखीचा मुद्दा उरतोच. शिवाय टेबलावरच्या डोळ्यांना रसायनं दिसत नाहीत. 2009 मध्ये सुक्या रानमशरूममध्ये निकोटिन सापडलं ते प्रयोगशाळेमुळे. चेर्नोबिलनंतरच्या किरणोत्सारी सीझियमसाठी युरोपीय संघाची आयातीवरची 600 बेकरेल (किरणोत्साराचं एकक) प्रतिकिलो ही मर्यादाही यंत्रानेच तपासावी लागते.

विक्रेत्यांनी हंगामात केंद्राच्या वेळा आधी पाहाव्यात, कारण त्या मोजक्याच असतात आणि माल थांबत नाही. पहाटे वेचलेला माल त्याच दिवशी टेबलावर आला पाहिजे. घेणाऱ्याने दाखल्यावर तीन गोष्टी वाचाव्यात: तारीख, प्रजातीचं शास्त्रीय नाव आणि वजन. दाखला 5 किलोचा आणि परडीत 8 किलो दिसत असतील, तर वरचे 3 किलो कुठून आले ते विचारावं.