भाचीला सुपरमॅन, भाच्याला मिस मार्व्हल, बॅटमॅन मामाला

ताईचा फोन आला, "तूच बघ बाबा, तुला त्यातलं कळतं. मला ते सगळे घट्ट कपड्यांतले सारखेच दिसतात." सुट्टीसाठी दोघा भाचरांना एकेक कॉमिक घ्यायचं होतं. भाची दहाची, भाचा चौदाचा. ठाण्यातल्या एका मॉलमधल्या दुकानात मी मांडी घालून बसलो आणि तासाभराने पायाला झिणझिण्या येऊन उठलो. तुम्हीही अशाच खरेदीला निघाला असाल, तर तेवढा तास वाचेल.

अलीकडे सगळ्यात जास्त बोलबाला झाला तो दोघांचा, 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' आणि 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन'. दोन्ही मालिका 2024 मध्ये सुरू झाल्या आणि दोन्हींची युक्ती एकच आहे: ओळखीचा नायक घ्यायचा आणि त्याचं आयुष्य उलटं करायचं. लेखक जोनाथन हिकमनचा पीटर पार्कर, म्हणजे स्पायडर-मॅन, लग्न झालेला, दोन पोरांचा बाप आहे. कोळ्याची शक्ती त्याच्या वाट्याला येते तीच मुळी पस्तिशीच्या आसपास. मूळ गोष्टीत मरणारे बेनकाका इथे चक्क जिवंत आहेत. मारामारीपेक्षा घरातली बोलणीच जास्त, आणि ती फार झकास जमलीत. पण त्याची खरी मजा आपल्यासारख्या हप्ते भरणाऱ्यांना. दहा वर्षांच्या पोरीला बापाची मध्यमवयीन हुरहुर वाचून काय करायचंय?

बॅटमॅनचं काम वेगळंच. लेखक स्कॉट स्नायडरने त्याची श्रीमंतीच काढून घेतलीय. ना वाडा, ना नोकर. वडील शाळामास्तर होते, आई हयात आहे. चित्रकार निक ड्रॅगोटाने तो एवढा आडदांड काढलाय की चौकटीत मावत नाही. छातीवरचं वटवाघूळ सुटं होऊन कुऱ्हाडीचं पातं होतं, आणि ते पातं नुसतं दाखवायला नाही. मला जाम आवडलं. भाचीला देणार नाही.

इथे एक गोष्ट पुस्तकाच्या मागे, बारकोडच्या आसपास बघून घ्या. स्पायडर-मॅनवाले मार्व्हल आणि बॅटमॅन-सुपरमॅनवाले डीसी, दोन्ही प्रकाशनं वयाची खूण छापतात, पण खूण एक आणि अर्थ दोन. 'टी प्लस' म्हणजे मार्व्हलच्या लेखी तेरा आणि पुढे, डीसीच्या लेखी पंधरा आणि पुढे. दुकानातल्या पोराने मला "सर, सगळं किड्सचंच आहे" असं सांगितलं होतं. कॉमिक म्हणजे मुलांचं, हा गैरसमज सुपाऱ्यांसारखा घरोघरी वाटलेला आहे.

भाचीसाठी माझं मत ठाम होतं: 'सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन' (क्लॅन म्हणजे गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांची टोळी). 2020 चं पुस्तक, म्हणजे अगदी ताजं नाही, पण एका बैठकीत सुरू होऊन तिथेच संपतं. मागचे अंक शोधत फिरावं लागत नाही. लेखक जीन लुएन यांग, चित्रं गुरिहिरू या जपानी जोडगोळीची. गोष्ट 1946 ची. चायनाटाउनमधलं ली कुटुंब मेट्रोपोलिसच्या दुसऱ्या वस्तीत राहायला जातं आणि काही शेजाऱ्यांना ते खपत नाही. धाकटी रॉबर्टा गाडीत बसली की तिच्या पोटात ढवळतं. ताई गेल्या वर्षी नौपाड्यातून घोडबंदरला राहायला गेली, तेव्हापासून भाचीच्या दप्तरात आवळासुपारीची डबी असते. मानपाड्यापर्यंत ती कशीबशी तग धरते. त्यामुळे हे पान तिला समजावून सांगायची गरज नव्हती. यातला सुपरमॅन सुरुवातीला उडतच नाही, विजेच्या तारांवरून धावतो. आपण परके आहोत हे लोकांना कळू नये, अशी धास्ती त्यालाही आहे. अंगणात जळता क्रूस रोवण्याचा प्रसंग अंगावर येतो, तेव्हा मूल फारच हळवं असेल तर सोबत बसून वाचा. 'सर्व वयांसाठी' याचा अर्थ मोठ्या माणसालाही जांभई येऊ नये असा घेतला, तर यादीतलं पहिलं नाव हेच.

चौदाव्या वर्षी मात्र 'मिस मार्व्हल', 2014 पासूनची कमला खानची मालिका. जी. विलो विल्सन लेखिका, एड्रियन अल्फोना चित्रकार. पहिल्या पुस्तकाला विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा 2015 चा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. कमला जर्सी सिटीत राहते. मोठे नायक, मोठ्या लढाया सगळ्या नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये, आणि ही इकडे आईवडिलांच्या धाकात. मुलुंड नाक्याच्या अलीकडे वाढलेल्या पोराला हे आणखी काय सांगायचं? "मुंबईत कुठे?" "ठाण्यात." "अच्छा, म्हणजे मुंबईत नाही." अल्फोनाच्या चौकटींत मागे कोपऱ्यात बारीकसारीक गमती दडलेल्या असतात, म्हणून हे पुस्तक दोनदा वाचलं जातं.

बजेट कमी असेल तर 'टिंकल'मधली विंगस्टार बघा: मिझोरमची मपुई, उपकरणांच्या जोरावर उडणारी. सहज वाचून होतं, भाषा सोपी. माझ्या मनात ती रेंगाळली नाही, पण आठनऊच्या वयाला उत्तम. राज कॉमिक्सचा डोगा हिंदीत आहे आणि मुंबईतच फिरतो, लहानांना नको.

एक व्यवहाराचं. सुटा अंक वीसेक पानांचा, ठाण्याला हातात घेतला की घाटकोपर यायच्या आत संपतो. पाचसहा अंकांचं एकत्र पुस्तकच घ्या. डीसीने 2024 पासून छोट्या आकाराची स्वस्त मालिका काढलीय, अमेरिकेत 9.99 डॉलरची. दप्तरात मावते, पण अक्षरं चाळिशीवाल्यांना छळतात. ऑनलाइन मागवलेलं माझं एक पुस्तक कोपरे दुमडून आलं होतं, त्यामुळे भेट द्यायची असेल तर दुकानातूनच उचला. नवी मुंबईत राहत असाल तर वाशीच्या मॉलमध्येही एक फेरी मारा, तिकडची मांडणी वेगळी असते.

सुपरमॅन भाचीकडे पोचला. मिस मार्व्हल अजून माझ्याच उशाशी आहे. भाच्याचा रोज मेसेज येतो, "मामा, किती पानं राहिली?"